कुरणाची चौथी बाजू

मोहटेकडीच्या गायी खाकी रंगाला भ्यायच्या. ही गोष्ट सरकारला माहीत नव्हती. गावातल्या कुणी ती सांगितलीही नाही, कारण सरकारनं बाकी सगळं विचारलं, हे विचारलं नाही.

गाव हिंगणीच्या वरच्या अंगाला, बोरच्या जंगलाला पाठ टेकून बसलेलं. गायी पांढऱ्या, लांब तोंडाच्या आणि स्वभावानं जराशा दुसरीकडंच असलेल्या. सकाळी गावाबाहेरच्या आखरावर त्या गोळा झाल्या की आधी नुसतं धुकं दिसे. मग धुकं उठून जाई आणि खाली गायी उरत. एखाद्या दिवशी गायी आधी उठून जात आणि धुकं उरे, तेव्हा मंगरूला पळावं लागे.

मंगरू गावचा गायकी. घराघरातली गाय सकाळी सोडून घ्यायची, दिवसभर चारायची आणि संध्याकाळी ज्याची त्याला पोचवायची, हे काम तो अठरा वर्षं करत होता. तो गोंड. गायींशी गोंडीत बोले, माणसांशी वऱ्हाडीत, आणि सरकारशी बोलतच नसे.

खाकीचं असं झालं होतं. जंगलाचं अभयारण्य झालं आणि आत चराई बंद झाली. गवताला मात्र हे कुणी कळवलं नाही, ते आतच जास्त वाढत राहिलं. मंगरू गायी आत न्यायचा. सायकलवरून जंगलाचा गार्ड येताना दिसला की तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायचा आणि सगळा कळप उतारावरून गावाच्या हद्दीत पळवायचा. पहिल्या वर्षी शिट्टी लागली. दुसऱ्या वर्षी नुसता हात वर केला तरी पुरे. तिसऱ्या वर्षापासून गायी स्वतःच बघायला लागल्या. झाडांमागं खाकी हललं की साठ माना एकदम वर होत आणि कळप, दूध उतू जावं तसा, जंगलाबाहेर सांडे.

जंगलातून गावात यायची सगळ्यात जवळची वाट अण्णाजींच्या शेतातून होती.

अण्णाजींनी त्याबद्दल अकरा अर्ज केले होते. अक्षर सुबक, खाली लपेटदार सही. अकराही अर्जांत नुकसान करणाऱ्या गायीचं वर्णन होतं, आणि त्यातल्या सात अर्जांतली गाय अण्णाजींची स्वतःची चांदी होती. "गाय माही हाय, मंग का झालं," ते म्हणत. "तुरी बी माह्याच हायेत." 

सगळ्या जिल्ह्यातून असे अर्ज जात असावेत, कारण एक्क्याऐंशी साली वरून एक योजना आली. शेतकरी आणि गुराखी यांची भांडणं कायमची मिटवण्यासाठी गावोगाव तारेचं कुंपण घातलेली कुरणं करायची, गुरं वर्षभर त्यातच राखायची, ती ना जंगलात जाणार ना शेतात. योजना घेऊन प्रभाकरराव नावाचे साहेब आले. भला माणूस. जंगल आणि अण्णाजींचं शेत यांच्यामधली चौऱ्याऐंशी एकर पडीक जमीन त्यांनी कुरणासाठी निवडली आणि नकाशावर चौकोन काढला. तार तीन बाजूंनाच पुरली. चौथी बाजू, म्हणजे नेमकी अण्णाजींच्या धुऱ्याची, शेताच्या बांधाची, कागदावर ‘प्रस्तावित’ राहिली. प्रभाकररावांनी ग्रामसभेत सांगितलं की प्रस्तावित बाजू ही बाजूच असते, फक्त दिसत नाही.

त्याच सभेत गावानं ठराव केला. दिवाळीनंतर तपासणी होईल. कुरण चाललं तर ठीक. नाही चाललं तर गायकी बंद, ज्यानं त्यानं आपली गाय आपल्या खुंट्याला बांधावी. ठराव अण्णाजींनी मांडला. मंगरू दाराशी उकिडवा बसला होता.  घरी आल्यावर त्यानं धुरपताला, आपल्या बायकोला, एवढंच सांगितलं की गायी गेल्या तर आपल्याला मोळ्या विकाव्या लागतील, आणि मोळीला हाक मारता येत नाही.

पोळ्यानंतर कुरणाचं उद्घाटन झालं. नारळ फुटला. प्रभाकररावांनी मंगरूला ‘कुरणपाल’ केलं आणि एक गाठोडं दिलं. त्यात खाकी सदरा, खाकी हाफपँट, खाकी टोपी, पट्टा आणि पितळी शिट्टी होती. नियम असा की कामाच्या वेळेत कुरणपाल गणवेशात पाहिजे. मंगरूनं गाठोडं उघडलं आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला. मग मोहाच्या झाडामागं जाऊन कपडे बदलून आला.

कळप गवतात पोटापर्यंत बुडालेला होता. गवताला तुरे आले होते, वाऱ्यानं ते एका बाजूला झुकत आणि गायी पाण्यावर तरंगल्यासारख्या दिसत. मंगरू झाडामागून बाहेर पडला. साठ माना वर झाल्या. त्याला वाटलं, आवाज दिला तर ओळखतील, पण प्रभाकरराव म्हणाले, शिट्टी वाजवा, सरकारी आहे. त्यानं वाजवली.

गायी चौथ्या बाजूनं गेल्या. अजिबात गडबड न करता, प्रस्तावित कुंपणाच्या रेषेवरून. जिथं तार असती तिथं दोन गायींनी उडीसुद्धा मारली असं लोक सांगतात. पुढं अण्णाजींच्या तुरी होत्या. प्रभाकररावांनी वहीत लिहिलं, ‘गुरांनी कुरणाची व लगतच्या क्षेत्राची पाहणी केली.’ दसऱ्याला त्यांची बदली झाली.

मग मंगरूनं गायींना समजवायचे सगळे प्रयत्न केले. पहिल्या दिवशी नुसती टोपी घालून गेला, तेवढं त्यांनी चालवून घेतलं. दुसऱ्या दिवशी टोपी आणि पट्टा. तिसऱ्या दिवशी सदरा चढवला आणि सगळा कळप तुरीत. धुरपतानं डोकं चालवलं. तिनं सदरा-पँट शेणात कालवून दोन दिवस गोठ्यात ठेवली, म्हणजे वास तरी घरचा येईल. ते कपडे घालून मंगरू उभा राहिला तेव्हा गायी जवळ आल्या. नाकाला मंगरू लागत होता आणि डोळ्याला गार्ड. त्या तशाच उभ्या राहिल्या, विचारात पडलेल्या. मग पळाल्या, पण हळू.

"तुमीच शिकवलं ना त्यायले," धुरपता म्हणाली. "मंग तुमीच इसरवा."

"शिकवाले मले तीन वर्सं लागले," मंगरू म्हणाला. "इसरवाचं मले कोनी शिकवलं नाई."

आता तपासणीला पंधरा दिवस होते. मंगरूनं शेणाचा गणवेश अण्णाजींच्या विहिरीवर धुतला आणि धुऱ्यावरच्या बोरीच्या झाडावर वाळत घातला. सदरा एका फांदीवर, पँट दुसरीवर, टोपी शेंड्याला. तिथंच तो विसरला, किंवा त्याला ते घरी न्यावंसं वाटलं नाही.

तीन दिवस अण्णाजींच्या शेतात एकही गाय आली नाही. चांदीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी अण्णाजी बोरीखाली येऊन उभे राहिले. वर खाकी सदरा वाऱ्यानं फुगत होता, बाह्या हलत होत्या, आणि पलीकडं कुरणात गायी त्याच्याकडं पाठ करून शांत चरत होत्या. अण्णाजी दुपारभर बघत बसले. अकरा अर्जांनी झालं नव्हतं ते एका वाळत घातलेल्या सदऱ्यानं झालं होतं. त्यांना थोडा अपमान वाटला.

संध्याकाळी ते मंगरूच्या दारात आले. याआधी कधी आले नव्हते, म्हणून बाज कुठं टाकावी हेच धुरपताला कळेना. अण्णाजी उभ्यानंच बोलले. त्यांचं म्हणणं असं की कपडा बोरीवरच राहावा, कायमचा. मंगरूचं म्हणणं असं की कपडा सरकारचा आहे, योजना गेली की कपडा जाईल. योजना राहायची तर तपासणीच्या दिवशी कुणीतरी तो अंगात घालून कुरणात गायींसह दिसला पाहिजे. आणि मंगरूनं घातला तर गायी दिसणार नाहीत.

 मग मंगरूनं चुलीच्या राखेत बोटानं तीन रेघा ओढल्या आणि चौथी जागा मोकळी सोडली.

"इथी कोनी खाकी घालून उभा राह्यला," तो म्हणाला, "त गायी कुरणातच राह्यतीन. पाठ करून."

"कोन उभा राहीन?"

मंगरूनं अण्णाजींकडं पाहिलं. धुरा ज्याचा त्यानंच तिथं उभं राहायचं, हे सांगायची गरज नव्हती.

अशा रीतीनं नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी अण्णाजी कुरणाची चौथी बाजू झाले.

त्या सकाळी धुकं नेहमीपेक्षा उशिरा उठलं. अण्णाजी आधीच येऊन धुऱ्यावर उभे होते. हाफपँटीमुळं त्यांचे गुडघे गावानं पहिल्यांदा पाहिले. गुडघे बारीक आणि गोरे होते, जसे काही दुसऱ्याचेच. कळपानं एकदा मान वर केली, खाकी बघितलं आणि वळून कुरणाच्या मधोमध जाऊन चरू लागला. अण्णाजींना काहीच काम नव्हतं. ते नुसते उभे राहिले आणि, दुसरं काहीच नसल्यामुळं, गायींकडं बघू लागले. आयुष्यात त्यांनी इतका वेळ एवढ्या गायी बघितल्या नव्हत्या. गाय म्हणजे दारात उभी असलेली किंवा तुरीत शिरलेली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. गवतात गाय काय करते, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. गवतात ती फार काही करत नव्हती. एक घास घेई, मान वर करी, दूर कुठं तरी बघे, आणि मग तो घास खाल्ल्याचं तिला आठवे.

मंगरू धोतर-बंडीत, खांद्यावर दुपट्टा टाकून, मोहाखाली बसला होता. मागं गायी, पुढं रस्ता. सकाळचं कोवळं ऊन अंगावर येऊन बसलं होतं. त्याला आपण इथं आहोत की कुणाच्या तरी स्वप्नात बसलोय, हे नीटसं कळेना.

दहाच्या सुमाराला जीप आली. नवे साहेब सदाशिवराव उतरले. चष्मा, काखेत फाईल. त्यांनी आधी कुरणाकडं पाहिलं, मग दूर धुऱ्यावर ताठ उभ्या असलेल्या गणवेशाकडं, आणि समाधानानं मान हलवली. मग फाईल उघडून त्यांनी मोहाखालच्या माणसाला विचारलं, "तुम्हीच ना अर्जदार? अण्णाजी?"

मंगरूनं मागं वळून पाहिलं. मागं झाड होतं. नाही म्हणावं तर मग धुऱ्यावरचा कोण, हे सांगावं लागलं असतं.

"हो," तो म्हणाला. सरकारशी तो बोललेला हा पहिला शब्द.

सदाशिवरावांनी विचारलं, अकरा तक्रारी आहेत तुमच्या, आज काय म्हणणं आहे?

मंगरूला वाटलं, काही नाही म्हणून टाकावं. पण एका माणसाचं नाव आपण अंगावर घेतलंय, आणि नाव म्हणजे काही उसनं घोंगडं नव्हे, की जमिनीवर टाकून त्यावर बसावं. अण्णाजी असते तर काय बोलले असते, याचा तो विचार करू लागला. त्याला गेल्या वर्षीची एक दुपार आठवली. गायी तुरीतून हाकलून झाल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं होतं, तर अण्णाजी शिव्या देत नव्हते. मोडलेलं तुरीचं झाड हातात धरून नुसते बसले होते.

"साहेब," मंगरू म्हणाला, "माणूस पाच महिने एका झाडाकडं पाहात राह्यते. पेरते, निंदते, फुलं आले का म्हणून रोज पाह्यते. अन् एक दिवस जाऊन पाह्यलं, त झाडाले शेंडा नाई. गाय त एकच घास खाते. तिले काय मालूम, का तो घास पाच महिन्याचा हाय. अन् रागानं काडी उचलावी, त गाय बी घरचीच."

सदाशिवरावांनी चष्मा वर केला. अकरा अर्जांत हे कुठंच नव्हतं.

"मग चराई बंद करायची म्हणता?"

 मागं साठ गायी चरत होत्या. त्याला त्यांच्या चघळण्याचा आवाज येत होता, इतका सावकाश की दिवस त्यांच्याच तोंडात चघळला जातोय असं वाटावं. मंगरू म्हणून विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. पण अण्णाजींच्या जागी असता तर त्यानं काय म्हटलं असतं? आणि तो अण्णाजींच्याच जागी होता.

"करा बंद," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही.

सदाशिवरावांनी नोंद केली आणि धुऱ्याकडं हात करून कुरणपालाला बोलावलं. कुरणपाल हलला नाही. पुन्हा बोलावलं. तो तिथूनच ओरडून म्हणाला की जागा सोडता येत नाही. सदाशिवरावांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत असं उत्तर त्यांना कधी मिळालं नव्हतं. मंगरूला घेऊन ते स्वतःच निघाले. कळपाला लांबून वळसा घालून, गवत बाजूला सारत, दोघं चौथ्या बाजूपाशी पोचले.

"हे शेतकरी म्हणतात चराई बंद करा," साहेब म्हणाले. "तुमचं काय?"

अण्णाजींनी मंगरूकडं पाहिलं. मंगरूनं मान खाली घातली होती. खाकी टोपीखाली अण्णाजींचा चेहरा लहान दिसत होता. आपण इतकी वर्षं मागत होतो ते अखेर कुणीतरी मागितलंय, आणि ते मागणाऱ्याला मान वर करवत नाही, हे त्यांना दिसत होतं.

"साहेब, या शेतकऱ्याचं ऐकू नका," ते म्हणाले.

मंगरूनं मान वर केली.

"तो खोटं नाई बोलून राह्यला. पण त्यानं गाय पाह्यली नाई. मी आज सकाळपासून पाह्यली. म्हंजे अठरा वर्सांपासून." अण्णाजींनी पट्टा सावरला. "गायीले धुरा दिसत नाई साहेब, तिले हिरवं दिसते. तिले खुट्याले बांधा, त ती भिताडाकडं पाहीन. माही चांदी... या अण्णाजीची चांदी, ती भिताडाकडं पाह्यते तवा मले घरात बसवत नाई. मी सकाळी गायी नेतो अन् संध्याकाळी तेवढ्याच आणतो. इथी वाघ हाय. एक बी गाय आजवर कमी आणली नाई. अन् गावात कोनी इचारत नाई, का मंगरू, तू जेवला का. इचारते काय, त आज कोनाच्या शेतात घुसल्या."

एवढं बोलून ते थांबले. आपण इतकं बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं असावं, कारण त्यांनी खिशातली पितळी शिट्टी काढून बघितली आणि परत ठेवली.

सदाशिवरावांनी फाईल मिटली. ते म्हणाले की कुरण चालू आहे, गुरं आत आहेत, कुरणपाल जागेवर आहे, योजना यशस्वी म्हणायला हरकत नाही. पण तक्रारदाराची ना हरकत पाहिजे. त्यानं सही दिली तर चराई चालू, नाही दिली तर ठराव आहेच. त्यांनी कागद आणि पेन मंगरूपुढं धरलं.

मंगरूला सही येत नव्हती. त्यानं अंगठा पुढं केला. सदाशिवरावांनी अंगठ्याकडं पाहिलं, मग फाईलमधल्या अकरा लपेटदार सह्यांकडं. गवतात कुठंतरी एक टिटवी ओरडली आणि बराच वेळ ओरडतच राहिली.

"अर्जांवर तर सही आहे तुमची."

मंगरूनं अंगठा मागं घेतला. खरं सांगितलं तर दोघं पकडले जाणार होते, आणि अंगठा दिला तर तो खोटा ठरणार होता. गायी मात्र चरत होत्या.

"आना इकडं," अण्णाजी म्हणाले. "त्याची सही मी करतो."

"तुम्ही?"

"माही त्याची सही सारखीच येते, साहेब."

त्यांनी साहेबांच्या हातून पेन घेतलं, फाईल मांडीवर टेकवली आणि सावकाश सही केली. नेहमीसारखी, शेवटचा लपेटा काढून, खाली दोन टिंबं देऊन. सदाशिवरावांनी ती अकरा सह्यांशी ताडून पाहिली. बाराव्या सहीत काना-मात्रेचा फरक नव्हता. ते बराच वेळ गवताकडं बघत राहिले. गुराख्याला सही येते आणि शेतकऱ्याला येत नाही, आणि गुराखी शेतकऱ्याची सही शेतकऱ्याहून बरी करतो, हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘गावात परस्पर सहकार्य उत्तम.’ पुढच्या वर्षापर्यंत चराई चालू. मग ते जीपमध्ये बसून गेले, आणि धूळ रस्त्यावर तशीच उभी राहिली, कुणाची वाट बघत असल्यासारखी.

दोघं धुऱ्यावरच टेकले.

"तू ‘बंद करा’ काऊन म्हनला बे?" अण्णाजींनी विचारलं.

"तुमच्या जागी व्हतो ना."

"मंग मी बी तुह्या जागी व्हतो," अण्णाजी म्हणाले. थोड्या वेळानं त्यांना काहीतरी आठवलं. "पण सही माह्या जागची हाय."

ऊन उतरलं तेव्हा अण्णाजींनी सदरा काढला. टोपी-पट्ट्यासकट तो गुंडाळून बोरीच्या खाचेत ठेवला आणि बंडीवर, त्याच हाफपँटीत, दुपट्टा कंबरेला गुंडाळून धुऱ्यावरून खाली उतरले. गायींनी त्यांच्याकडं पाहिलं आणि काही केलं नाही. मंगरूनं गोंडीत काहीतरी म्हटलं. कळप उठला आणि गावाकडं निघाला. शेताला वळसा घालून, लांबच्या वाटेनं. मागून मंगरू, त्याच्या बाजूला अण्णाजी. पांढऱ्या पाठींवर धूळ बसत होती आणि उतरतं ऊन त्या धुळीतून इतकं सावकाश येत होतं की गाव कुणीतरी थोडं मागं सरकवून ठेवलंय असं वाटे.  वाटेत एकदा अण्णाजींनी विचारलं की मंगरू, तू दुपारी जेवला का, आणि मंगरू म्हणाला की नाई.

गावात शिरल्यावर गायी एकेक करून आपापल्या दाराशी वळू लागल्या, कुणी न सांगता. अण्णाजींचं घर आलं. चांदी वळली. तिच्या मागोमाग अण्णाजीही वळले. उंबऱ्याशी थांबून त्यांनी आत हाक दिली, दोन भाकरी बांधून द्या म्हणून, आणि मंगरू हातात भाकरी घेऊन पुढं निघाला. अजून बरीच दारं बाकी होती.